लग्नाच्या भिंतीवरचं तिसरं नाव

लाखनीच्या उड्डाणपुलाखाली एका खांबाला पाटी ठोकलेली आहे. खांबावर धानाची रोवणी करणाऱ्या बायांची रांग रंगवली आहे. सगळ्या वाकलेल्या, मधली एकच ताठ उभी, एक हात कमरेवर, नजर थेट रस्त्याने जाणाऱ्याकडे. पाटी सांगते की ही उभी स्त्री म्हणजे या भागातली पारंपरिक शेतदेवता असून पिढ्यान्‌पिढ्या इथल्या लग्नघरांच्या भिंतींवर ती काढली जाते.

हे खोटं आहे. अशी देवता भंडारा जिल्ह्यात नाही आणि कधी नव्हती. बाहेरच्या कोणी येऊन ही थाप मारली असती तर मी त्याला तिथेच गाठून झापलं असतं. पण थाप माझी आहे. ज्याने उभं आयुष्य शाळेत चित्रकला शिकवली, ज्याच्या शब्दावर गावातली चार माणसं विश्वास ठेवतात, त्याने ती मारली. ‘एक पाटीच तर आहे सर, कशाला मनाला लावून घेता,’ असं आता कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. त्या पाटीपायी एका जिवंत बाईची चोरी झाली आहे, आणि चोरीच्या घराची वाट मी दाखवली.

निवृत्तीनंतर मला भिंतींचं वेड लागलं. फोनवर कुठल्या कुठल्या देशांतल्या उंच इमारती दिसायच्या आणि वरपासून खालपर्यंत एकाच म्हातारीचा चेहरा, नाहीतर एकच मासा. एवढं मोठं चित्र, त्याला तिकीट नाही, चौकट नाही, भाजी आणायला निघालेल्या माणसाने ते येताजाता बघायचं. मला ते फार आवडलं. मुलीकडे दिल्लीला गेलो तेव्हा अशाच रंगवलेल्या एका वसाहतीत मी मान दुखेपर्यंत उन्हात हिंडलो. परत आल्यावर भेटेल त्याला सांगायचो, आपल्याकडे हे कधी होणार, आपल्या लोकांना दृष्टीच नाही.

हे मी ज्या जिल्ह्यात बसून म्हणत होतो तिथे लग्नाच्या दिवसांत गावोगाव भिंती रंगतात. लग्नघराची समोरची भिंत चुन्याने पोततात, दाराच्या दोन्ही बाजूंना हत्ती, भालदार, मोर काढतात आणि वर मोठ्या अक्षरांत ‘शुभ विवाह’ लिहून नवरानवरीची नावं घालतात. बौद्धांच्या घरी ‘मंगल परिणय’ आणि पिंपळपान. मी स्वतः वर्गात मुलांना सांगितलेलं आहे की हे रंगारीकाम, ही चित्रकला नव्हे. मुलांनी ते वहीत उतरवूनही घेतलं असेल.

तीनेक वर्षांपूर्वी कोंढ्याला एका नातलगाकडे लग्नाला गेलो. भिंतीवर हत्ती नव्हते. दाराच्या दोन्ही बाजूंनी भिंतभर धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर होतं, पाण्याने भरलेलं, आणि त्या पाण्यात आभाळ. रोवणीच्या बाया वाकलेल्या, पाठमोऱ्या. प्रत्येक पाठ म्हणजे एकच जाड वळण, कुंचला एकदा टेकवून उचललेला. भिंतीला तडा गेला होता, तो बुजवला नव्हता, त्याचाच बांधीचा धुरा, म्हणजे कडेचा बांध केला होता. आणि त्या सगळ्या वाकलेल्या पाठींमधून एकच बाई सरळ उभी राहून माझ्याकडे बघत होती, जणू काही मीच तिच्या कामात अडथळा आणला होता. आत मंगलाष्टकं चालू होती आणि मी अक्षता मुठीत धरून बाहेर भिंतीसमोर उभा होतो.

चित्रकाराची सही कोपऱ्यात असते म्हणून मी सगळे कोपरे बघितले. सही नव्हती. यजमानाला विचारलं तर तो म्हणाला, येते एक बाई दिघोरीकडून. मी विचारलं, मग तिने नाव का नाही घातलं? त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी मांडवात काहीतरी अभद्र बोललो होतो.

“लग्नाच्या भितीवर तिसरं नाव कसं लिहाचं जी?”

आमच्याकडचा हा रिवाज मला माहीत होता, पण त्याचा अर्थ माझ्या डोक्यात कधी शिरला नव्हता. लग्नाच्या भिंतीवर दोनच नावं. बापाचंसुद्धा लिहीत नाहीत. तिसरं नाव लिहिलं तर संसारात तिसरं माणूस येतं म्हणतात.

त्या हंगामात मी पवनी आणि लाखांदूर तालुक्यांत, जिथे लग्न आहे असं कळेल तिथे, बिनबोलावता जाऊन भिंत बघून यायला लागलो. लोकांना वाटलं म्हाताऱ्याला जेवणाची चटक लागली. तिचा हात मी लांबून ओळखायचो. एका बौद्ध घरी ती उभी बाई पिंपळपानाच्या सावलीत होती. एका घरी बांधीतलं पाणी इतकं रिकामं सोडलं होतं की भिंत ओली आहे असं वाटून मी हात लावून बघितला. घरी येऊन मी माझी जुनी मडकी-वांग्यांची चित्रं गुंडाळून माळ्यावर टाकली आणि इतक्या वर्षांनी पुन्हा कागद ताणून बसलो. या वयात कोणी मला असं हलवून सोडेल असं वाटलं नव्हतं.

आणि एवढं सगळं करून मी दिघोरीला गेलो नाही. लाखनीहून बसने जाऊन त्याच दिवशी परत येता येतं. मी दिल्लीच्या भिंती बघायला गेलो, त्या रंगवणाऱ्यांची नावं पाठ केली, पण दिघोरीला जाऊन एका बाईला ‘तुमचं काम बघितलं’ एवढं म्हणालो नाही. कारण माझ्या मनात अशा भिंती माणूस काढत नाही, गाव काढतं. सही नाही म्हणजे चित्रकार नाही, हे गणित मी न तपासता मांडून टाकलं होतं.

मग उड्डाणपुलाचे खांब रंगवायचं ठरलं. सुशोभीकरणाच्या समितीने मोठ्या शहरातून काही तरुण चित्रकार आणले. पोरं वाईट नव्हती, कष्टाळू होती. त्यांना स्थानिक काहीतरी हवं होतं. समितीत माझा एक जुना विद्यार्थी आहे, त्याने माझं नाव सुचवलं. मी इस्त्रीचा सदरा घालून गाडीत पुढच्या सीटवर बसलो आणि त्यांना एकेक भिंत दाखवत सुटलो. माझ्या शोधाची मला फार ऐट होती. कोंढ्याच्या भिंतीसमोर एकाने कॅमेरा लावला आणि विचारलं, सर, ही उभी बाई कोण?

मला माहीत नव्हतं. ‘माहीत नाही’ हे दोन शब्द मला वर्गात कधी म्हणता आले नाहीत, तिथे तर समोर कॅमेरा होता. मी म्हणालो, ही आमच्या भागातली शेतदेवता. पारंपरिक आहे. कोणा एकाचं नाही हे, लोककला आहे.

पावसाळ्याआधी खांब रंगले. उद्घाटनाला मला शाल आणि नारळ मिळाला. ती शाल मी थंडीत वापरलीही.

पाटी लागल्यावर काही दिवसांनी दुपारी दारात स्कुटी थांबली. चाळिशीची बाई, नखांच्या कडांत हिरवा रंग. ओसरीवर बसलीच नाही.

“पुलावरच्या व्हिडिओतले सर तुम्हीच ना जी?”

मी हो म्हणालो, जरा खुशीतच. मला वाटलं, कौतुक करायला आली असेल.

“ते मधातली बाई मी आहो.”

मग तिने जे सांगितलं ते उभ्याउभ्याच सांगितलं. लहानपणी ती आईसोबत रोवणीला जायची. कंबर दुखायला लागली की मधेच उभी राहायची, आणि रांग मोडली म्हणून सगळ्या बाया तिच्यावर ओरडायच्या. मोठी होऊन पहिल्यांदा भिंत मिळाली तेव्हा हत्ती काढावेत असं तिला वाटलं नाही. तिने रोवणी काढली आणि मधे स्वतःला उभं केलं. त्या घरच्यांना आवडलं, पुढच्यांनी तेच मागितलं. ना परंपरा, ना पिढ्या. सुरुवात तिच्यापासून.

“माही कंबर दुखे म्हणून मी उभी आहो. बस, एवढंच. आमच्या आजानं दीक्षा घेऊन देव कवाचे सोडले, आन तुम्ही मलेच देवी करून टाकलं.”

माझ्या बायकोला आतून हसू फुटलं आणि तिने ते दाबलं, ते मला ऐकू आलं. मला हसू आलं नाही.

तिच्या येण्याचं कारण वेगळंच होतं. आदल्या आठवड्यात एका घरी भिंतीचं काम सांगायला तिला बोलावलं होतं. त्यांनी फोनवर खांबाचा फोटो दाखवला आणि विचारलं, पुलावरच्यासारखं जमेल का. ती म्हणाली, हे माझंच आहे. घरभर हशा झाला. त्या घरची म्हातारी तिला समजावून म्हणाली, देवीचं चित्र कोणा एकीचं असतं का बाई. म्हणजे आता स्वतःचं चित्र काढलं तरी ती नक्कल करणारी ठरणार होती. मी घाईने म्हणालो की मी लेख लिहितो, तुमचं नाव घालून, छापून आणतो.

“लिहिण्यात नोका घालू. पेपरात उद्या भजे बांधतेत. मले खांबावर नाव पायजे. जिथं चोरलं तिथंच.”

म्हणून तिचं नाव या लिखाणात नाही. वाचणाऱ्याला ते अडेल. अडू दे.

मी समितीच्या कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबाने चहा दिला, माझं सगळं ऐकून घेतलं आणि कॉम्प्युटरवर व्हिडिओ लावला. पडद्यावर मी होतो. इस्त्रीचा सदरा, वर केलेलं बोट, आणि आवाजात काय तो ठामपणा. साहेब म्हणाला, सर, हे तुम्हीच ना? तेव्हा देवता आहे म्हणालात, आता नाही म्हणता. आम्ही कोणत्या सरांवर विश्वास ठेवायचा? मग त्याने विचारलं, जुन्या कुठल्या भिंतीवर त्या बाईची सही आहे का. मी तिसऱ्या नावाचा रिवाज सांगितला. तो हसला आणि म्हणाला, म्हणजे सहीच नाही. मी त्याच्याशी भांडणार होतो, पण हा युक्तिवाद माझ्या ओळखीचा होता.

शेवटी त्याने मोठेपणाने तोडगा काढला. पाटीवर ‘स्थानिक महिलांच्या कलेतून प्रेरित’ अशी ओळ वाढवू. तिथे मात्र माझा तोल गेला. मी विचारलं, महिला म्हणजे कोण? गावातल्या सगळ्या? त्या खांबाच्या बुडाशी जाऊन बघा. समितीच्या एकूण एक सदस्यांची नावं आहेत. ठेकेदाराचं आहे, रंग पुरवणाऱ्या दुकानाचं आहे, शहरातून आलेल्या पोरांची फोनवरची खातीसुद्धा आहेत. ‘मार्गदर्शन’ म्हणून माझंही आहे, तेही ठळक. ज्यांनी कुंचला हातात धरला नाही त्या सगळ्यांना त्या खांबावर जागा झाली. जिचं चित्र आहे ती एकटी मावत नाही. तिच्या वाटणीला गर्दी आली, ‘महिला’.

साहेब म्हणाला, सर, तुम्ही भावनिक होऊन राहिले.

त्या शहरातल्या चित्रकारांपैकी एकाला मी फोन केला. त्याला शिव्या घालायच्या तयारीने केला होता. तो बिचारा म्हणाला, “सर, तुम्ही लोककला म्हणालात म्हणून आम्ही विचारलं नाही. नाहीतर विचारलं असतं.”

मग मला शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहुणा म्हणून बोलावणं आलं. मी ठरवून गेलो. माईक हातात घेऊन सगळं सांगितलं, थाप, देवता, शाल, सगळं. तिचं नाव दोनदा घेतलं. मी खाली बसलो तर टाळ्या वाजायला लागल्या. लोक उठून माझ्या पाया पडले. सूत्रसंचालक म्हणाला, चूक कबूल करायला केवढं मन लागतं. मला वाटत होतं कोणीतरी ओरडेल, पाटी काढा म्हणेल, पुलाखाली जाऊन खांब बघून येईल. कोणी जागचं हललं नाही. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात ‘ज्येष्ठ कलाशिक्षकाच्या मनाचा मोठेपणा’ अशी बातमी आली. तिचा उल्लेख होता, ‘एका ग्रामीण महिलेच्या’ असा.

संध्याकाळी तिचा फोन आला. “सर, पुन्हा तुमचाच फोटो आला,” एवढं म्हणून तिने ठेवला.

मला वाटलं, आता ती माझं तोंड बघणार नाही. पण यंदाच्या लग्नसराईत तिनेच बोलावलं. दिघोरीतच एका शेतकऱ्याच्या घरची भिंत होती. म्हणाली, तुम्ही बोलता चांगलं, इथं येऊन बोला. गेलो तर भिंत जवळजवळ पुरी झाली होती. बांधी, पाणी, वाकलेल्या पाठी. मधोमध मात्र माणसाच्या उंचीची पांढरी जागा कोरी. तिने घरच्यांना सांगून टाकलं होतं की माझं नाव लिहू द्याल तर ती बाई येईल, नाहीतर जागा अशीच राहील.

नवरीचा आजा बाजेवर बसून होता. तो काही दुष्ट माणूस नव्हता, नातीच्या संसाराची त्याला काळजी होती. मी त्याला कला, कलावंताचा हक्क, शहरातल्या भिंती असं बरंच ऐकवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

“सर, तुमचं खरं असन. पण लगन तुमच्या घरचं नाही.”

ती माझ्याकडे बघत होती. माझ्या भाषणाचा तिला काही उपयोग नव्हता, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. मी आज्याशेजारी बाजेवर बसलो आणि त्याला खांबाचं सांगितलं. म्हणालो, कोंढ्याच्या भिंतीवर मी हिचं नाव शोधलं होतं. ते असतं तर मी वाचलं असतं, आणि वाचल्यावर खोटं बोलायची माझी हिंमत झाली नसती. नाव नव्हतं म्हणून मी तिचं चित्र देवीला देऊन टाकलं. उद्या दुसरा कोणी माझ्यासारखा शिकलेला माणूस तुमच्या दारी येईल आणि हेच करेल.

आज्याने तंबाखू मळायला घेतली. मग नवरी आतून आली. तिने भिंतीकडे बोट केलं.

“आबा, एवढी जागा कोरी रायली तं फोटोत आमच्या मांगं भोकच दिसन. आन त्या बाईसाठीच तं हिले बोलावलं ना.”

त्यावर घासाघीस सुरू झाली. नाव नवरदेवाच्या नावाहून लहान पाहिजे, हे तिला मान्य झालं. दोन नावांच्या ओळीत नको, तेही मान्य झालं. आजा म्हणाला, खाली जोत्यापाशी लिही, तिथे कोणाची नजर जात नाही.

“लहान चालन आबाजी. पायाखाली नाही चालन.”

शेवटी उभ्या बाईच्या खांद्याजवळ ठरलं. तिने आधी बाई काढली, मग तिच्या खांद्याशी हिरव्या रंगात स्वतःचं नाव लिहिलं. शेवटचं अक्षर खाली घसरलं, तिने ते पुसलं नाही. आज्याने चष्मा लावून एकेक अक्षर मोठ्याने वाचलं आणि म्हणाला, घरच्या भिंतीवर नाव आलं म्हणजे आता ही पाहुणी झाली, हिला पंगतीत बसवावं लागेल. ती म्हणाली, बसेन, पण पहिल्या पंगतीत. मला कोणी जेवायला या म्हटलं नाही. मी लाखनीची बस धरली.

त्या भिंतीचा फोटो घेऊन मी समितीत गेलो होतो. साहेब म्हणाला, सर, ही भिंत तर खांबानंतरची आहे, बाईंनी पुलावरून उचललं असेल. हे वाक्य तो माझ्या तोंडावर, सरळ बसून बोलला. पाटी अजून तिथेच आहे.

ती आता खांबाबद्दल मला विचारत नाही. तिला कामातून सवड नाही. कोणी भिंत सांगायला आलं की ती आधी तिसऱ्या नावाचं विचारते, मग रंगाचं. काही घरं हो म्हणतात, बरीच नाही म्हणतात. नाही म्हणणाऱ्यांच्या भिंतीवर वाकलेल्या पाठींच्या मधे पांढरी जागा तशीच सोडून ती स्कुटीवर बसते. अशा भिंती मी मुद्दाम बघायला जातो. वरातीतले पाहुणे हमखास त्या जागेसमोर थांबतात आणि विचारतात, इथं काय काढायचं राहिलं? यजमानाला मग सांगावं लागतं, आणि सांगताना तिचं नाव घ्यावं लागतं.